गेल्या सालचं कॅलेंडर

बाईंनी वकिली सुरू केल्यापासून स्वतःच्या हातानं कधी लसूण सोलला असेल, असं मला वाटत नाही. तो त्यांचे पक्षकार सोलायचे. कोर्टामागे झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक पत्र्याची शेड होती, तिथं त्यांचं टेबल. टेबलापुढे खुर्च्या नव्हत्या, एक लांब बाकडं होतं. वेगळं व्हायला निघालेले नवरा-बायको बोलणी करायला आले की दोघांना त्या एकाच बाकड्यावर बसवायचं, मध्ये स्टीलचं ताट ठेवायचं आणि त्यात लसूण नाहीतर मटार नाहीतर गवार ओतायची. हात मोकळे असले की माणूस भांडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. एकमेकांचं तोंड बघायला तयार नसलेली माणसं मान खाली घालून गवारीचे देठ मोडताना मी कितीदा पाहिली आहेत. संध्याकाळी ती निवडलेली भाजी पिशवीत भरून बाई नाशिकरोडच्या बसनं घरी जायच्या.

मला या बाईंचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं वाचून तुम्हाला वाटेल की मी कुणा थोर बाईंची आठवण काढायला बसले आहे. त्या थोर वगैरे होत्या की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आम्ही लॉ कॉलेजला एकाच वर्गात होतो. मी बाविशीची, त्या पन्नाशीच्या. ट्रेझरीतली कारकुनी सोडून, स्वेच्छानिवृत्ती घेऊन आल्या होत्या. पहिल्या बाकावर बसून गाईडमधून वाचायच्या आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात माझ्या वह्या मागून न्यायच्या. वही परत यायची तेव्हा तिला हिंगाचा वास असायचा. शेवटच्या वर्षी मी कॉलेजात पहिली आले आणि बाई पास झाल्या. सनद दोघींना एकदमच मिळाली. माझ्या वडिलांची निफाडला द्राक्षबाग. त्यांनी मला कोर्टासमोरच्या बिल्डिंगमध्ये काचेची केबिन घेऊन दिली, दारावर पितळी पाटी लावली. बाईंनी पत्र्याची शेड घेतली. पाच वर्षांत माझ्याकडे जेवढे पक्षकार होते त्याच्या दुप्पट त्यांच्या बाकड्यावर बसून लसूण सोलत होते.

काळा कोट, पांढरी साडी आणि पायात पुरुषी चपला. बोलणं मोठ्या आवाजात, कोर्टरूममध्येसुद्धा. एकदा न्यायाधीशांनी हळू बोला म्हटलं, तर बाई म्हणाल्या, साहेब, ट्रेझरीत खिडकीतून बोलायची सवय आहे. साहेब हसले. मी त्या कोर्टात नऊ वर्षं उभी राहत होते, मला बघून ते कधी हसले नव्हते. चहावाला त्यांना दुरूनच जय भीम घालायचा आणि आधी त्यांचा चहा द्यायचा. मी चहासुद्धा मोजून ठेवायचे, इतकी जळत होते.

बाईंची फी म्हणजे तुमच्या घरच्या एका महिन्याच्या किराण्याएवढी. किराण्याचं बिल घेऊन या म्हणायच्या, त्यावरून ठरवू. पण त्यांच्याबद्दल खरं बोललं जायचं ते कॅलेंडरांबद्दल. मुलांवरून वाद असला की आम्ही बाकीचे वकील पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, मोबाईलवरच्या शिव्यांचे प्रिंट मागायचो. बाई मागायच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर. या वर्षीचं आणि असलं तर गेल्या वर्षीचंही. पतसंस्थेनं फुकट दिलेलं असो की विकत आणलेलं, मराठी घरात त्याच्यावर दूध, गॅस, कामवालीचे खाडे लिहिलेले असतातच. त्यात मुलांचंही असतं. डोस कधी, सहल कधी, ताप कधी आला, केस कधी कापले. बाई चष्मा कपाळावर सरकवून, कॅलेंडर नाकाजवळ धरून चौकोन न चौकोन वाचायच्या आणि एवढंच विचारायच्या की हे अक्षर कुणाचं. पुष्कळदा भांडण तिथंच अर्धं व्हायचं. पुष्कळदा वाढायचंही, ते मात्र लोक सांगत नाहीत.

सुरगाण्याहून एक बाई आली होती. नवऱ्यानं मुलगा ठेवून घेतला होता. दिंडोरीला द्राक्षबागेत कामाला असायची, तिथून सुट्टी काढून पहिल्यांदा माझ्या केबिनमध्ये आली. मी फी सांगितली. तिनं काचेकडे पाहिलं, एसीकडे पाहिलं आणि परत येते म्हणून गेली ती सरळ शेडमध्ये. बाईंनी तिच्याकडून विधी सेवेचा फॉर्म भरून घेतला. बाईमाणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. हे मलाही माहीत होतं. मी तिला सांगितलं नव्हतं. सांगायचं राहून गेलं असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत होते.

त्या बाईकडे कॅलेंडर नव्हतं. "आमच्या घरात कालेंडर नाय बाई," असं ती म्हणाली, तर बाईंनी तिला बागेच्या कामांवरून बोलतं केलं. छाटणीला पोरगा कुठं होता, घड औषधात बुडवायच्या वेळी, डिपिंगला, कुणाजवळ झोपत होता, माल निघाला तेव्हा त्याला कुणी दवाखान्यात नेलं. बाईंनी झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर बारा चौकोन आखून सगळं भरलं. मी द्राक्षवाल्याची मुलगी, पण हे मला सुचलं नसतं. मुलगा तिला मिळाला आणि त्या दिवशी मी चहा न घेता घरी गेले.

घरी गेल्यावर मी बाईंची नक्कल करायचे. चष्मा कपाळावर चढवून, हातात कॅलेंडर धरून, मोठ्यानं विचारायचे, हे अक्षर कुणाचं. माझी मुलगी मनू खदखदून हसायची. नवरा हसायचा नाही. तो दिंडोरीकडच्या एका शाळेत शिक्षक, दुपारी साडेचारला घरी. आमच्यात मोठं असं काही भांडण नव्हतं. बोलणं संपत आलं होतं, आणि मग एक दिवस ते संपलंच. मनू नऊ वर्षांची होती. तो तिला घेऊन सिडकोत बहिणीच्या शेजारी भाड्यानं राहायला गेला आणि पंधरा दिवसांनी मला नोटीस आली. खाली सही बाईंची.

मी फोन करून विचारलं, अख्ख्या नाशकात तुला दुसरं कुणी मिळालं नाही का. तो म्हणाला, "तू इतकी वर्षं त्यांच्यावर जळत होतीस, तेव्हा त्या चांगल्याच असणार." वर म्हणाला की फी परवडते.

मी स्वतःची केस स्वतःच लढवायची ठरवलं. मला मनू हवी होती, माझ्याजवळ, माझ्या घरात. मी आई होते, वकील होते, मुलगी दहाच्या आत होती. मला वाटलं, एवढं पुरे. पहिली बैठक कोर्टातल्या समुपदेशकांसमोर झाली. नवऱ्यानं पिशवीतून आमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. घर सोडताना त्यानं भांडी नेली नव्हती, फर्निचर नेलं नव्हतं. एवढं एक नेलं होतं, आणि त्या रिकाम्या खिळ्याकडे माझं लक्षसुद्धा गेलं नव्हतं.

ते कॅलेंडर मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. दूध दीड. मनूचा दात पडला. पोहण्याची टोपी. पालकसभा, चार वाजता. मनू शाळेत रडली, विचारणे. दही विरजणे. मनूला चष्मा? सगळं त्याच्या शाळामास्तरी, गोल अक्षरात. माझं अक्षर नव्हतंच असं नाही. चौकोनांच्या कोपऱ्यात, लाल पेननं, माझ्या सुनावण्यांच्या तारखा होत्या. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. माझं अक्षर त्यांना कॉलेजपासून पाठ होतं. त्यांनी फक्त पान उलटलं, आणि मला बाईंचा नाही, माझ्या नवऱ्याचा हेवा वाटला. मनू शाळेत का रडली होती हे त्याला माहीत होतं.

यात भर म्हणून मनूला बाई आवडायला लागल्या. तारखेला ती यायची तेव्हा कोर्टातल्या मुलांच्या खोलीत न बसता बाईंच्या शेडमध्ये जाऊन बसायची, दुसऱ्यांची कॅलेंडरं वाचायची आणि त्यांना कॅलेंडरआजी म्हणायची. तिची वरची दाढ हलते आहे हे मला बाईंकडून कळलं. मी मनूला विचारलं, मला का नाही सांगितलंस. तर म्हणाली, तू विचारलं नाहीस.

मग मी नको ते केलं. रविवारी दुपारी मेनरोडला एका स्टेशनरीच्या दुकानात गेले आणि गेल्या सालचं कॅलेंडर मागितलं. दुकानदारानं विचारलं, गेल्या सालचं कशाला, तर मी म्हटलं, मुलीच्या वह्यांना कव्हरं घालायची आहेत. त्यानं माळ्यावरून धूळ झटकून एक काढून दिलं. घरी येऊन, पडदे ओढून, मी तीन तास बसून ते भरलं. चार वेगवेगळी पेनं वापरली. कुठं घाईत लिहिल्यासारखं, कुठं खाडाखोड. मनूचा डोस, मनूची सहल, मनूला वरणभात आवडला. जुलैच्या पानावर बोटानं हळदीचा डागही पाडला. बेडरूममध्ये माझं वेगळं कॅलेंडर असायचं, असं शपथपत्रात लिहायचं ठरवलं. गंमत म्हणजे लिहिताना मला रडू येत होतं, आणि ते खोटं नव्हतं. त्या सगळ्या तारखांना मी घरात असायला हवं होतं.

तारखेच्या दिवशी, दाखल करण्याआधी समोरच्या वकिलाला मूळ कागद दाखवायचा म्हणून, मी ते कॅलेंडर कोर्टाच्या व्हरांड्यात बाईंच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. एकेक पान वाचलं. जुलैपाशी थांबून म्हणाल्या, डाग चांगला पडलाय. मग कॅलेंडर वर धरलं, उजेडाकडे नेलं आणि वरच्या भोकातून माझ्याकडे पाहिलं.

"वर्षभर भिंतीवर होतं ना हे?"

मी हो म्हटलं.

"बारा वेळा खिळ्यावरून काढलंस, बारा वेळा लावलंस. मग खिळ्याचं भोक अजून गोल कसं गं?"

तो मोठा आवाज त्या दिवशी इतका लहान होता की शेजारून जाणाऱ्या बेलिफालाही ऐकू गेलं नाही. मी चार पेनं आणली होती, हळद आणली होती. भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरचं भोक फाटतं हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण आमच्या घरात पान उलटण्याचं काम मी कधी केलं नव्हतं. खोटा पुरावा म्हणजे काय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. सनद जाऊ शकत होती. मनू तर जाणारच होती.

बाईंनी कॅलेंडर गुंडाळून माझ्या पिशवीत घातलं. "हे आज पुराव्याच्या यादीला लावू नकोस. घरी ने. मनूच्या वह्यांना कव्हरं घाल."

मी त्यांच्या जागी असते तर दोन मिनिटांत न्यायाधीशांसमोर ठेवलं असतं. ते मी त्यांना म्हटलंही. जरा चिडूनच म्हटलं, की तुम्ही तुमच्या पक्षकाराचं नुकसान करताय. बाई म्हणाल्या, "माझ्या पक्षकारानं पहिल्या दिवशी काय सांगितलं माहितीये? म्हणाला, पोरीची आई तिच्यापासून तुटता कामा नये, असं काहीतरी करा. मी त्याचंच काम करतेय."

सभ्य माणसानं इथं आभार मानले असते. मला राग आला. पकडलं म्हणून आला, सोडलं म्हणून त्याहून जास्त आला. मी अर्ज घेऊन कोर्टात गेले, पुढची तारीख मागितली आणि रिक्षात बसून सीबीएसच्या सिग्नलपर्यंत रडले.

पुढच्या आठवड्यात मी त्या बाकड्यावर बसले. पितळी पाटीवाली मी, पत्र्याच्या शेडमध्ये, नवऱ्याशेजारी, मध्ये ताट. लसूणच होता. नवऱ्याचा झरझर सोलून होत होता. माझ्या नखांत सालं अडकत होती. थोड्या वेळानं त्यानं न बोलता काही पाकळ्या पाण्यात टाकून माझ्याकडे सरकवल्या, भिजल्या की साल सुटतं म्हणून. वेगळं होण्याच्या बोलण्यात आमच्यात झालेली ती एकच प्रेमाची गोष्ट असेल. आम्ही ती पुढे वाढवली नाही, ते बरंच झालं.

बाईंनी सांगितलेला मसुदा मी त्यांच्याच टेबलावर लिहिला. माझ्या वाकड्या अक्षरात. वर मथळा होता, मनूचा आठवडा. शाळेचे दिवस बाबाकडे. शुक्रवारी शाळा सुटल्यापासून सोमवारी शाळा भरेपर्यंत आईकडे. बुधवारचं जेवण आईबरोबर. सुट्ट्या अर्ध्या अर्ध्या. मला हवं होतं त्याच्या अर्ध्याहून कमी मिळालं आणि माझ्या लायकीपेक्षा जास्त. शेवटचं कलम कुठल्याही कायद्यात नाही. दोन्ही घरी एकसारखं कॅलेंडर लावायचं, दोन्हींवर मनूनं स्वतः लिहायचं, आणि वर्ष संपलं की दोन्ही कॅलेंडरं बाईंना आणून दाखवायची. न्यायाधीशांनी ते वाचलं, बाईंकडे पाहिलं आणि हसून तसंच राहू दिलं.

त्या वर्षी मी शुक्रवारी तीननंतर कुणाला वेळ दिली नाही. पक्षकार गेले, काही बाईंकडेच गेले असतील. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी कॅलेंडर घेऊन शेडमध्ये गेले. बाईंची नजर तोपर्यंत फार अधू झाली होती, अक्षर दिसत नव्हतं. त्यांनी वाचलंच नाही. भोकात करंगळी घातली, फिरवून पाहिली.

"बरं फाटलंय," म्हणाल्या.

कॉलेजात पहिली आले तेव्हा मला इतका आनंद झाला नव्हता. तो मी पुरता भोगायच्या आत बाई म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचं परवा बघितलं. कडेपर्यंत गेलंय. चिकटपट्टी लावलीय त्यानं."

म्हातारी मुद्दाम म्हणाली. हसत होती.

मार्चमध्ये बाई गेल्या. नाशिकरोडला त्यांच्या कॉलनीत पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले, तर मंडपात जागा नव्हती. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष बसले होते आणि कितीतरी मुलं दोन्ही बाजूंना ये-जा करत होती. आधी इकडे येऊन बसायची, मग तिकडे जायची. सुरगाण्याची ती बाई आली होती, मुलगा तिच्या खांद्याला लागला होता. मनू बाबाशेजारी बसून हमसून हमसून रडत होती. माझे वडील गेले तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. मी तिथंसुद्धा जळले. मग ती उठून माझ्याकडे आली, ओला रुमाल माझ्या हातात दिला आणि कोरडा मागितला.

आता बाईंच्या टेबलाशी एक तरुण वकील बसतो. लोक माझ्याकडेही येतात. बाईमाणूस आलं की मी आधी विधी सेवेचा फॉर्म पुढे करते, आणि कॅलेंडर आणा म्हणते. लसूण मात्र सोलायला देत नाही, तेवढी माझी पायरी नाही.

माझ्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी खिळा आहे. सोमवारी मनू शाळेला गेली की परत येते ती बाबाच्या घरी. मग बुधवारपर्यंत घरात माझ्याशिवाय कुणी नसतं. मी कॅलेंडर खिळ्यावरून काढते, तिचं अक्षर वाचते, परत लावते. थोड्या वेळानं पुन्हा काढते. वाचायचं काही राहिलेलं नसतं, तरी काढते.

परवा शुक्रवारी मनू आली, दप्तर टाकलं आणि पेन घेऊन भिंतीपाशी गेली. वर बघून म्हणाली, "आई, अजून फेब्रुवारीच चालू आहे. भोक इतकं कसं फाटलं?"

मी गॅसकडे तोंड करून उभी होते.

"बाबाकडचं किती फाटलंय?" मी विचारलं.